क्रॉसरोड्स २००७ ची डीव्हीडी आणि माझी स्वप्नातली लाईनअप

गिटारवाल्यांच्या गप्पांत हा विषय कधी ना कधी निघतोच, समजा तुला एक फेस्टिव्हल करायला दिला, पैशाची चिंता नाही, जगातला कोणीही बोलव, तर कोणाला बोलावशील? मग यादी सुरू होते. पेज, गिलमोर, व्हाय, सॅट्रियानी, माल्मस्टीन, पेट्रुची, कोणीतरी हेंड्रिक्सला वरून खाली आणतो, कोणीतरी स्टीव्ही रे वॉनला, आणि पंधरा-वीस नावं झाली की सगळे खूश. मला ही यादी कधीच पटत नाही. नावं मोठीच आहेत, त्यात वाद नाही, पण एवढ्यांना एका स्टेजवर आणून करणार काय, एकामागे एक सोलो? दोन तासांत कान बधिर होतील. कोण येणार एवढ्यावर लाईनअप होत नाही, कोण कोणाच्या शेजारी उभा राहणार, कोणाच्या आधी कोण वाजवणार आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एक जण सोलो घेत असताना मागे रिदम कोण धरणार, हे ठरलं की मग ती लाईनअप. सवाईला जाणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही, कोणाच्या आधी कोण बसलं आणि का यावर तिथे चहा पिता पिता तासभर वाद होतात. गिटारच्या बाबतीत मात्र आपण नुसती नावं मोजत बसतो.

हे सगळं नीट कुठे बघायला मिळत असेल तर इंग्लिश गिटारिस्ट एरिक क्लॅप्टनच्या क्रॉसरोड्स गिटार फेस्टिव्हलच्या २००७ च्या डीव्हीडीत. आधी तिचा रिव्ह्यू देतो आणि मग त्याच मापाने माझी लाईनअप लावतो.

ज्यांना हा फेस्टिव्हल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्लॅप्टन स्वतः आधी हेरॉईन आणि मग दारूच्या विळख्यात वर्षानुवर्षं अडकलेला माणूस, त्यातून बाहेर पडल्यावर त्याने १९९८ मध्ये कॅरिबियनमधल्या अँटिग्वा बेटावर क्रॉसरोड्स सेंटर नावाचं व्यसनमुक्ती केंद्र काढलं. त्याच्या खर्चासाठी १९९९ मध्ये त्याने आपल्या १०० गिटार लिलावात काढल्या, २००४ मध्ये पुन्हा लिलाव केला आणि त्यात त्याची लाडकी काळी स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटार), ब्लॅकी, ९,५९,५०० डॉलरला गेली. फेस्टिव्हल त्याच कामासाठी. २००४ ला डॅलस, २००७ आणि २०१० ला शिकागोजवळ, २०१३ ला न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, २०१९ ला परत डॅलस आणि २०२३ ला लॉस एंजेलिस. म्हणजे दर काही वर्षांनी हा माणूस खरोखरच 'कोणाला बोलावू' हा खेळ खेळतो, आणि त्याला कोणी सहसा नाही म्हणत नाही.

२००७ चा फेस्टिव्हल एका दिवसाचा होता, २८ जुलै, ब्रिजव्ह्यूचं टोयोटा पार्क, एरवी तिथे फुटबॉल चालतो. दोन डिस्क आहेत, सूत्रसंचालनाला नट बिल मरे. त्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही, पहिल्यांदा बघताना मजा येते, नंतर तो भाग पुढे ढकलला तरी चालतो.

सुरुवात सनी लँड्रेथने होते आणि इथेच मला क्लॅप्टनच्या निवडीचं कौतुक वाटतं. हा लुइझियानाचा स्लाईड वाजवणारा, आपल्याकडे फार लोकांना नाव माहीत नाही, आणि त्याला दिवस उघडायला दिलाय. स्लाईड म्हणजे बोटात काचेची किंवा धातूची नळी घालून ती तारेवरून सरकवायची, फ्रेटवर दाबायचंच नाही, त्यामुळे सूर सलग वाहतो, आपल्या मींडेसारखा. बहुतेक लोक स्लाईड एकदा बोटात घातली की तेवढंच करतात. लँड्रेथ ती करंगळीत घालतो आणि उरलेल्या बोटांनी स्लाईडच्या मागे, म्हणजे गिटारच्या डोक्याच्या बाजूला, तारा दाबतो, आणि उजव्या हाताने पिक (तार छेडायची छोटी पट्टी), बोटं, तळवा सगळं वापरतो. मग एकाच वेळी स्लाईडचा सूरही येतो आणि मागून दुसरेच स्वरही ऐकू येतात, जे एरवी स्लाईडवर मिळतच नाहीत. कॅमेरा जेव्हा त्याच्या डाव्या हाताजवळ जातो तेव्हा पॉज करून करंगळी बघा आणि मग तिच्या मागची तीन बोटं बघा. दुसऱ्या गाण्याला क्लॅप्टन स्वतः येतो, फार काही न करता शेजारी उभा राहून वाजवतो. यजमान दिवसाच्या पहिल्याच सेटमध्ये, भर उन्हात, पाहुण्याच्या बाजूला उभा आहे हे मला फार आवडलं.

जॉन मॅकलॉफलिनला डिस्कवर एकच पीस दिलाय. एकच! हा माणूस शक्ती बँडमधून आपल्या संगीताच्या इतका आत आलेला, तालाची गणितं त्याच्या हाडात भिनलेली, आणि त्याला गुंडाळून पुढे जायचं, याचा मला अजूनही राग येतो. दिवसभराचा कार्यक्रम दोन डिस्कमध्ये बसवायचा म्हणजे कापाकापी होणार हे कळतं, अॅलिसन क्राउस आणि तिचा युनियन स्टेशन बँड त्या दिवशी वाजवून गेला आणि डिस्कवर त्यांचं काहीच नाही, हेही समजून घेऊ, पण मग शेरिल क्रोचं ते हिट गाणं ठेवायची काय गरज होती? ती गाते चांगली, प्रश्न तो नाही, गिटार फेस्टिव्हलच्या डिस्कवर त्या पाच मिनिटांत मॅकलॉफलिन बसला असता. त्याच कंट्री भागात अल्बर्ट ली आहे म्हणून मी तो भाग पूर्ण सोडत नाही. टेलिकास्टरच्या परंपरेतला इंग्लिश माणूस, पिक आणि बोटं एकत्र वापरून इतकं वेगाने आणि इतकं स्वच्छ वाजवतो की एकेक स्वर मोजून घ्यावा, आणि विन्स गिल स्वतः जबरदस्त वाजवणारा असून त्याला मोकळं रान देतो.

पहिल्या डिस्कच्या मध्यात डेरेक ट्रक्सचा बँड येतो. तेव्हा तो अजून तिशीतही नव्हता आणि क्लॅप्टनच्या बँडबरोबर जगभर फिरून आला होता. पिक नाही, गिटार ओपन ई ट्यूनिंगमध्ये, म्हणजे मोकळ्या ताराच छेडल्या तरी ई कॉर्ड वाजते, आवाज बदलणाऱ्या पॅडल्सची रांग नाही, साधी गिब्सन एसजी गिटार आणि अँप. त्याच्या स्लाईडमध्ये मला नेहमी सरोद ऐकू येतो आणि तो योगायोग नाही, अली अकबर खानांचं संगीत त्याने मन लावून ऐकलंय आणि नुसरत फतेह अली खानांची धून त्याने आपल्या बँडकडून वाजवून घेतली आहे. या बँडच्या सेटमध्ये जॉनी विंटर येतो. साठी ओलांडलेला, एकदम बारीक, खुर्चीत बसून वाजवणारा. शिकागो ब्लूजचा दादा माणूस मडी वॉटर्स, त्याला त्याच्या उतारवयात पुन्हा उभं करणाऱ्या रेकॉर्ड्स याच जॉनी विंटरने प्रोड्यूस केल्या होत्या. आणि या खुर्चीतल्या माणसाच्या शेजारी त्या वेळचा जगातला सगळ्यात भारी तरुण स्लाईडवाला उभा, दोघांच्याही बोटात स्लाईड. आता यात कुस्ती लावता आली असती. डेरेक तसं करत नाही, तो विंटरला पुढे जाऊ देतो, बँडला त्याच्या लयीत ठेवतो, आपली पाळी आल्यावर आपलं म्हणणं मांडतो आणि परत मागे सरकतो. विंटरचा आवाज खरखरीत आणि टोकदार, डेरेकचा गोल आणि गाणारा, म्हणून दोन्ही स्लाईड असूनही कोण कुठे आहे ते डोळे मिटून सांगता येतं. शेजारी कोणाला उभं करायचं याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आणि मग रॉबर्ट क्रे. ही डीव्हीडी मी ज्याच्यासाठी विकत घ्या म्हणतो तो भाग हा. क्रे स्वतः स्टार, ऐंशीच्या दशकात ब्लूजला परत रेडिओवर नेणाऱ्यांपैकी एक, गळाही अप्रतिम. तो आपलं गाणं करतो, ते झाल्यावर जात नाही, बँडसकट तिथेच थांबतो. जिमी वॉन, स्टीव्ही रेचा थोरला भाऊ, येतो, त्याच्या मागे क्रे. मग ह्यूबर्ट सम्लिन येतो, त्याच्या मागे क्रे आणि जिमी वॉन. मग बी. बी. किंग येतो, त्याच्या मागे क्रे, वॉन आणि सम्लिन. म्हणजे एकेक पाहुणा वाढत जातो आणि आधीचा पाहुणा यजमान होऊन मागे सरकतो. सलग बघाल तर लक्षात येईल की हा एकच मोठा सेट आहे आणि त्याची रचना कोणीतरी फार प्रेमाने केलेली आहे.

ह्यूबर्ट सम्लिन कोण हे माहीत नसेल तर थांबून माहीत करून घ्या. शिकागोच्या ब्लूज गायक हाऊलिन वुल्फचा गिटारिस्ट. वुल्फने त्याला पिक टाकून दे, नुसत्या बोटांनी वाजव असं सांगितलं आणि त्यातून जो आवाज निघाला त्याच्या मागे क्लॅप्टन, कीथ रिचर्ड्स, हेंड्रिक्स सगळी पिढी लागली. २००७ मध्ये तो ७५ वर्षांचा होता. त्याच्या वाजवण्यात वेग शोधू नका. दोन स्वर, मग गॅप, मग एकदम वरून खाली घसरत येणारी एक विचित्र तान, मग पुन्हा गॅप, आणि त्या मोकळ्या जागेत क्रे आणि वॉन काहीही भरायला जात नाहीत. इथे माझं म्हणणं सिद्ध होतं. सम्लिनला एखाद्या वेगवान माणसाच्या शेजारी उभं केलं असतं तर लोक म्हणाले असते म्हातारा झाला बिचारा. क्रे आणि वॉनच्या मध्ये उभा केल्यावर कळतं की वॉनचा अख्खा कमी स्वरांचा बाज कुठून आला. लाईनअप बरोबर लावली की ती अशी आपोआप शिकवते.

बी. बी. किंग तेव्हा ८१ चा. खुर्चीत बसतो, मांडीवर त्याची गिटार, ल्युसिल. तो गाताना गिटार वाजवत नाही आणि वाजवताना गात नाही, कॉर्ड्स तर धरतच नाही, त्यामुळे त्याला मागे भक्कम रिदम लागतोच, आणि इथे मागे कोण बसलेत बघा. डाव्या हाताचं ते फुलपाखरासारखं थरथरणारं व्हायब्रेटो, फक्त मनगटातून येणारं, कॅमेऱ्याने छान पकडलंय. मध्ये तो गाणं बाजूला ठेवून क्लॅप्टनविषयी बोलतो, शुभेच्छा देतो, मनापासून. अंगावर काटा येतो. ह्या डिस्कवरचे सम्लिन, विंटर, किंग, जेफ बेक, रॉबी रॉबर्टसन आज कोणीच नाहीत, आणि म्हणूनही ही डीव्हीडी घरात असावी असं मला फार वाटतं.

दुसऱ्या डिस्कवर जेफ बेक. दोनच पीस आहेत, पण पहिला, स्टीव्ही वंडरची ती संथ धून, गिटार शिकणाऱ्या प्रत्येकाने नोट्स काढत बघावा. पिक नाही, अंगठा आणि बोटं, उजव्या हाताची करंगळी व्हॉल्यूम नॉबवर आणि ट्रेमोलोचा दांडा तळव्यात. तार छेडताना नॉब बंद असतो, मग करंगळीने हळूच उघडतो, त्यामुळे आघात ऐकूच येत नाही, सूर कुठून तरी आल्यासारखा येतो, आणि दांड्याने तो त्याला श्रुतींमधून फिरवतो. बासवर ताल विल्केनफेल्ड, तेव्हा जेमतेम विशीत, ड्रम्सवर विनी कोलाय्यूटा. आणि अशा हळव्या धूनच्या मध्यात बेक स्वतःचा सोलो लांबवायचा सोडून तिला सोलो देतो. जगातले लोक आज तिला त्या सोलोमुळे ओळखतात. कोणाला जागा द्यायची हे कळणं, मोठ्या माणसाचं मोठेपण यात असतं.

क्लॅप्टनचा स्वतःचा भाग मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त आवडला कारण मध्येच स्टीव्ह विनवूड येतो. १९६९ मध्ये दोघांचा ब्लाइंड फेथ बँड एक अल्बम करून फुटला, त्यातली तीन गाणी इथे आहेत, आणि विनवूडला आपण गाणारा आणि ऑर्गनवाला म्हणून ओळखतो पण त्याने इथे त्याच्या ट्रॅफिक बँडच्या गाण्यावर गिटारवर जो सोलो घेतलाय तो क्लॅप्टनच्या तोडीस तोड आहे. यानंतर दोघांनी फेब्रुवारी २००८ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनला एकत्र कार्यक्रम केले, ती वाट इथून निघाली.

जॉन मेयर ठीक, लॉस लोबोस छान. शेवटी बडी गाय धुमाकूळ घालतो आणि मग सगळ्यांना बोलावून 'स्वीट होम शिकागो', आणि हा डिस्कमधला सगळ्यात कमजोर भाग. क्लॅप्टन, क्रे, मेयर, सम्लिन, वॉन, विंटर, बडी गाय सगळे एकदम. सात गिटार एका बारा-बारच्या ब्लूजवर म्हणजे कोणालाच कोणाचं ऐकू जात नाही, प्रत्येकाने एकेक फेरी घ्यायची आणि पुढच्याकडे बघायचं. दिवसभर जे इतकं जपलं ते शेवटच्या काही मिनिटांत सांडलं. फोटो मात्र सुंदर आला असणार.

आता लाईनअप. माझे नियम सांगतो. एक, फक्त हयात आणि वाजवत असलेले लोक, गेलेल्यांना बोलावणं फार सोपं असतं, त्यात निवड करावी लागत नाही. दोन, कोणीही एकटा येऊन एकटा जाणार नाही, प्रत्येक सेटला एक यजमान असेल जो शेवटपर्यंत थांबेल. तीन, एका वेळी स्टेजवर चारपेक्षा जास्त गिटार नाहीत. शेवटचं सामूहिक गाणं तर अजिबात नाही.

दुपारी सुरुवात अकूस्टिकने. मॉली टटल यजमान. ब्लूग्रासमध्ये वर्षाची सर्वोत्तम गिटारिस्ट म्हणून २०१७ मध्ये निवडली गेलेली पहिली बाई, आणि बँजोची उलट्या नखाची पद्धत तिने गिटारवर आणली आहे, ऐकताना दोन गिटार आहेत असं वाटतं. तिच्याबरोबर टॉमी इमॅन्युएल, जो एकटाच बास, कॉर्ड्स आणि धून तिन्ही वाजवतो. हा माणूस बहुतेक एकटाच वाजवतो म्हणून मुद्दाम त्याला कोणाच्या तरी मागे रिदमला बसलेलं मला ऐकायचंय.

दुसरा सेट सहाराचा, आणि ही गोष्ट २००७ च्या डिस्कवर अजिबात नाही. नायजरचे एम्दू मोक्तार आणि बोंबिनो. एम्दू मोक्तारने लहानपणी घरीच गिटार बनवली आणि तारांच्या जागी सायकलच्या ब्रेकच्या तारा लावल्या होत्या. डावरा आहे, पिक वापरत नाही, आणि त्याच्या बँडचा रिदम असा गोल गोल फिरत राहतो की पाच मिनिटांनी तुम्हाला सम कुठे होती ते आठवत नाही. सेटच्या मध्यात या दोघांत मिसिसिपीचा क्रिस्टोन 'किंगफिश' इंग्रॅम सोडायचा. तो क्लार्क्सडेलचा, जिथे ६१ आणि ४९ नंबरचे रस्ते एकमेकांना छेदतात आणि ब्लूजवाल्या रॉबर्ट जॉन्सनने चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकल्याची ती सगळी दंतकथा जिथे सांगितली जाते, म्हणजे फेस्टिव्हलच्या नावाचं मूळ गाव. आफ्रिकेतलं वाळवंट आणि मिसिसिपीचा डेल्टा यांचं नातं पुस्तकात वाचण्यापेक्षा एकाच रिफवर तिघांना उभं करून ऐकावं. किंगफिशकडे दणका भरपूर आहे, या बँडमध्ये त्याला कमी वाजवावं लागेल, आणि तो कमी वाजवतो तेव्हाच मला सगळ्यात जास्त आवडतो.

तिसरा सेट माझ्यासाठी सगळ्या दिवसाचा गाभा. स्लाईड. यजमान राय कूडर. तोच का, तर १९९२ मध्ये तो आणि विश्वमोहन भट्ट पहिल्यांदा भेटले आणि भेटल्या भेटल्या, कसलीही रिहर्सल न करता, कॅलिफोर्नियातल्या एका चॅपलमध्ये बसून अख्खा अल्बम वाजवला. तबल्यावर सुखविंदर सिंग नामधारी आणि कूडरचा शाळकरी वयाचा मुलगा डुंबेक या हाताने वाजवायच्या तालवाद्यावर. त्याला ग्रॅमी मिळालं. पुढे याच कूडरने मालीच्या अली फरका तूरेबरोबर अल्बम केला, त्यालाही ग्रॅमी. दुसऱ्याच्या घरी जाऊन घरच्यासारखं वाजवायचं, पण त्याच्या स्वयंपाकघरात लुडबूड करायची नाही, हे याच्याइतकं कोणाला जमलेलं नाही. तर कूडर आणि विश्वमोहन भट्ट आधी. मग कूडर थांबेल आणि देबाशिष भट्टाचार्य येतील, त्यांच्यामागून डेरेक ट्रक्स.

आपल्याकडच्या स्लाईडबद्दल थोडं सांगतो कारण गिटारवाल्या पोरांना हे खरंच माहीत नसतं. हवाईयन गिटार आपल्याकडे आली ती बहुतेक सिनेमाच्या आणि हलक्याफुलक्या गाण्यांसाठी, तिच्यावर राग वाजू शकतो हे ठासून सांगितलं ब्रिजभूषण काबरांनी. अली अकबर खानांचे शिष्य. १९६७ मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबरची त्यांची रेकॉर्ड आपल्या कित्येक घरांत असेल, पण त्यात तिसरा माणूस गिटार वाजवतोय हे लोक विसरतात. देबाशिष भट्टाचार्य काबरांकडे शिकले. आणि डेरेक ट्रक्स फ्लोरिडात बसून अली अकबर खानांच्या रेकॉर्ड्स ऐकत मोठा झाला. म्हणजे देबाशिष आणि डेरेक एकाच झाडाच्या दोन फांद्या आहेत, एक मांडीवर आडवी गिटार ठेवून, दुसरा गळ्यात अडकवून. या दोघांना अर्धा तास मांड किंवा खमाज द्या, अँपचा आवाज कमी ठेवा आणि बाकी काही करू नका. विश्वमोहन भट्ट २००४ च्या क्रॉसरोड्सला वाजवून आलेत, त्या डीव्हीडीवर त्यांचा मांड आहे, पण तिथे ते येतात आणि जातात, क्लॅप्टनला किंवा कोणालाही त्यांच्या शेजारी बसवलं नाही. इतकी चांगली संधी होती!

मॅकलॉफलिनला मी पाऊण तास देणार, २००७ चं उट्टं काढायला. शेजारी प्रसन्ना, जो इलेक्ट्रिक गिटारवर कर्नाटक संगीत गमकांसकट वाजवतो, आणि तालाला सेल्वागणेश. झाकीरभाई नाहीत, त्यांच्या जागी मी कोणाचंही नाव लिहिणार नाही.

मग संध्याकाळी एक सेट नाचायचा. नाईल रॉजर्स. स्वप्नातल्या लाईनअपमध्ये रिदम गिटारिस्ट कोणीच घालत नाही आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण सगळं गाणं त्यांच्या उजव्या हातावर उभं असतं. पंचमच्या गाण्यांवर जीव टाकणाऱ्या आपल्या लोकांना पंचमचे रिदम गिटारवाले भानू गुप्तांचं नाव सांगावं लागतं तशातली गत. नाईल रॉजर्सची पांढरी स्ट्रॅट, तीन तारांवरच्या बारीक कॉर्ड्स आणि डाव्या हाताने तारा दाबून-सोडून काढलेली ती किनकिन. त्याच्या जोडीला कोरी वाँग. पूर्ण सेटमध्ये सोलो नाही, एकही नाही.

सूर्य मावळताना, दुसऱ्या नियमाला एकच अपवाद करून, वीस मिनिटं वॉरन मेंडोन्सा. आपला मुंबईचा माणूस, ब्लॅकस्ट्रॅटब्लूज नावाने वाजवतो, शब्दांशिवाय. त्याच्याकडे धून आहे, आणि धून असली की वेगाची गरज पडत नाही. जेफ बेकची जागा कोणी भरू शकत नाही पण जेफ बेकसारखा एका स्वरावर थांबायचा धीर ज्याच्याकडे आहे असा माणूस त्या वेळी मला स्टेजवर हवा.

शेवटचा सेट परत रॉबर्ट क्रेच्या बँडकडे, कारण हे काम त्याच्याइतकं कोणाला येत नाही. आधी बॉनी रेट. २००७ च्या डिस्कवर ती का नाही हे मला कळलेलंच नाही, तिच्या स्लाईडमध्ये आणि गळ्यात एकच माणूस बोलतो. मग जिमी वॉन आणि शिलाँगच्या सोलमेटचा रूडी वॉलंग. हो, रूडीच. ईशान्येत राहून आयुष्यभर ब्लूज वाजवलेला माणूस, जिमी वॉनच्या शेजारी तो कुठेही कमी पडणार नाही. क्लॅप्टन या सेटमध्ये असेल, क्रेच्या डाव्या बाजूला, रिदमवर, पूर्ण वेळ. त्याने गाऊ नये असं नाही, पण मला तो तसाच हवाय जसा तो लँड्रेथच्या शेजारी उन्हात उभा होता.

आणि सगळ्यात शेवटी बडी गाय. १९३६ चा जन्म. २०११ मध्ये महिंद्रा ब्लूजचा पहिला फेस्टिव्हल बांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत झाला तेव्हा मुख्य पाहुणा तोच होता, नंतरही येत राहिला, त्यामुळे मुंबईच्या लोकांना त्याची खोड माहीत आहे. जोरात वाजवता वाजवता तो एकदम आवाज खाली आणतो, इतका खाली की बँड जवळजवळ थांबतो, आणि कोणी गर्दीत बोलत असेल तर त्याच्याकडे बघून त्याला गप्प करतो. टिपक्या-टिपक्यांची स्ट्रॅट घेऊन गर्दीतही शिरतो. त्याच्या मागे क्रेचा बँड आणि क्लॅप्टन, आणि नवा पाहुणा फक्त किंगफिश, कारण मिसिसिपी आणि शिकागो दोन्ही गावं त्या दोघांत येतात.

व्हाय, माल्मस्टीन, पेट्रुची नाहीत म्हणून ज्यांना राग येईल त्यांना एवढंच सांगतो की त्यांचं वाजवणं मला आवडतं, पण त्यांना संपूर्ण बँड त्यांच्याभोवती बांधलेला लागतो, आणि माझ्या दिवसात अशी जागाच नाही. गिलमोरला मात्र मी फार वेळ आत-बाहेर केलं. त्याचे स्वर मला फार प्रिय आहेत, पण त्याला त्याचे लाईट्स, त्याची मोकळी जागा आणि अख्खी संध्याकाळ हवी, वीस मिनिटांत बसवणं हा त्याच्यावर अन्याय.

विकत घेणाऱ्यांसाठी, आधी २००७ च घ्या. लॅपटॉपच्या स्पीकरवर बघू नका, बेकचं करंगळीचं काम त्यात ऐकूच येत नाही, हेडफोन लावा. पहिल्या डिस्कवर क्रे सुरू होतो तिथपासून बी. बी. किंग संपेपर्यंत मध्ये उठू नका. नंतर २००४, तिथे पसारा मोठा आहे, भट्ट, मेथिनी, व्हाय, एरिक जॉन्सन, जे. जे. केल, आणि रॉबर्ट जॉन्सनकडून प्रत्यक्ष शिकलेला रॉबर्ट लॉकवूड ज्युनियर, फक्त त्याच्यासाठीही घ्यावी. २०१० मध्ये गॅरी क्लार्क ज्युनियर पहिल्यांदा एवढ्या मोठ्या गर्दीसमोर उभा राहतो ते बघण्यासारखं आहे. २०१३ मध्ये ऑलमन ब्रदर्स आहेत आणि क्लॅप्टनबरोबर कीथ रिचर्ड्स, पण बंदिस्त हॉलमुळे त्या दुपारच्या उन्हाची मजा नाही. बजेट एकाचंच असेल तर २००७ सोडून दुसरीकडे बघूही नका.